अंदाजपत्रक आणि ताळेबंद : जनुक-संपादनाचे नवे गणित आणि आपली नोंदवही

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे आप्तेष्ट यांच्यासमोर रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



दरवर्षी या प्रसंगी आम्ही आपणांसमोर जमाखर्चाचा गोषवारा मांडतो. यंदाचा गोषवारा या अहवालाच्या पुढील पानांत तक्त्यांसह दिलेला आहेच. यंदा मात्र अध्यक्ष महोदयांच्या अनुमतीने एका निराळ्या विषयावर चार शब्द बोलावयाचे आम्ही ठरविले आहे. विषय आहे जनुक-संपादनाचा, म्हणजे मनुष्याच्या आनुवंशिक मजकुरातील चूक दुरुस्त करण्याचा, आणि त्या कामी संगणकाने बांधलेल्या अंदाजांचा. आम्ही स्वतः वाणिज्य शाखेचे पदवीधर. हिशेब, ताळेबंद आणि लेखापरीक्षण यांत आमचे आयुष्य गेले. तेव्हा अशा विषयावर बोलण्याचा आम्हांस अधिकार काय, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर एका प्रसंगात आहे.

गेल्या पावसाळ्यात एके दिवशी सायंकाळी कार्यालय बंद करण्याच्या वेळी एक गृहस्थ दाराशी उभे असलेले दिसले. दुपारपासून ते तेथेच होते, असे शिपायाने सांगितले. त्यांचा मुलगा सिकलसेलच्या वेदनांमुळे आमच्या बालरुग्ण कक्षात दाखल होता. त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्राचे एक घडी घातलेले कात्रण काढून आमच्या टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "साहेब, यात लिहिलंय की सिकलसेलचं रक्त आता दुरुस्त होतं. खरं आहे का? आमची दोन एकर आहे. विकायची का नाही, तेवढं सांगा."

आम्हांस उत्तर देता आले नाही. डॉक्टरांशी बोलावे म्हणून आम्ही त्या मुलाचा केसपेपर मागविला. नोंदणी खिडकीवरून एक नव्हे, तीन केसपेपर आले. एकावर मुलाचे नाव आणि वडिलांचे नाव, दुसऱ्यावर घरी हाक मारण्याचे नाव, तिसऱ्यावर आडनावाचे निराळेच लेखन. मुलगा एकच. प्रत्येक कागदावर तो एकेकदाच दाखल झालेला दिसत होता. एका वर्षात त्यास वारंवार वेदनांचे झटके येत आहेत, औषधाची मात्रा पुन्हा तपासावयास हवी, ही गोष्ट त्या तीन कागदांपैकी कोणताही कागद एकट्याने सांगत नव्हता. ही चूक डॉक्टरांची नव्हती. नोंदीची, म्हणजे आमच्या प्रशासनाची होती. ती आज या व्यासपीठावरून आम्ही मान्य करतो.

एका हाती ते कात्रण आणि दुसऱ्या हाती ते तीन केसपेपर, अशा अवस्थेत आम्ही घरी गेलो. त्यानंतर कित्येक महिने आमच्या रक्तविकार विभागातील डॉक्टरांना प्रश्न विचारून आम्ही त्यांना पुष्कळ त्रास दिला. त्यातून जे समजले, ते आपणांसमोर ठेवीत आहोत.

सिकलसेल हा आजार आपल्या भागास नवा नाही. विदर्भातील अनेक समाज, सातपुड्यातील भिल्ल व पावरा, गडचिरोलीतील माडिया यांच्या घराघरांत तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या डोंगराळ भागातील लोकांत झाली. रक्तातील हिमोग्लोबिन तयार करण्याची कृती आपल्या जनुकात अक्षररूपाने लिहिलेली असते. ए, टी, जी, सी अशी चारच अक्षरे. आणि मनुष्याचा संपूर्ण जनुकीय मजकूर सुमारे ३०० कोटी अक्षरांचा. त्यात एके ठिकाणी 'जीएजी' असावयास हवे, तेथे 'जीटीजी' असते. एवढीच चूक. परंतु त्यामुळे हिमोग्लोबिनच्या साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मूल रात्ररात्र वेदनेने तळमळते. ३०० कोटी अक्षरांत एक अक्षर! खतावणीत एक आकडा चुकला तर ताळेबंद जुळत नाही, हे आम्हांस ठाऊक होते. येथे त्या एका अक्षराची किंमत एका मुलास आयुष्यभर मोजावी लागते.

कात्रणात लिहिलेले खरे होते का? होय, खरे होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने 'कॅस्जेव्ही' नावाच्या उपचारास मान्यता दिली. क्रिस्पर तंत्रावर आधारलेला, मान्यता मिळालेला हा पहिला उपचार. ज्या चाचणीवरून अमेरिकेत मान्यता मिळाली, तीत पुरेसा काळ निरीक्षणाखाली राहिलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना किमान सलग १२ महिने वेदनेचा एकही तीव्र झटका आला नाही. मात्र या उपचारासाठी रुग्णाच्या अस्थिमज्जेतील मूळ पेशी बाहेर काढून प्रयोगशाळेत संपादित कराव्या लागतात. शरीरात उरलेली मज्जा तीव्र औषधाने रिकामी करावी लागते आणि नंतर संपादित पेशी परत सोडाव्या लागतात. कित्येक आठवडे रुग्णालयात काढावे लागतात. अमेरिकेत जाहीर झालेली त्याची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने १८ कोटी रुपयांहून अधिक. दोन एकर विकून हा उपचार घेता येण्याजोगा नव्हता, हे वेगळे सांगावयास नको.

आता ज्या विकराने, म्हणजे एन्झाइमने, हे संपादन होते त्याकडे वळू. त्याचे नाव कॅस-९. घशाचा संसर्ग करणाऱ्या एका जिवाणूत तो निसर्गतः सापडतो. जिवाणू त्याचा उपयोग विषाणूंचा मजकूर कापण्यासाठी करतो. जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंटिए यांनी २०१२ साली दाखवून दिले की, या विकरास २० अक्षरांचा एक पत्ता दिला, तर तो त्या पत्त्यावर जाऊन जनुकाचा धागा कापतो. २०२० साली त्या दोघींना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु या विकराची एक अट असते. पत्त्याला लागूनच तीन अक्षरांची एक ठरावीक खूण असावी लागते, जिच्यातील शेवटची दोन अक्षरे 'जी' असतात. खूण नसेल तर पत्ता बरोबर असूनही विकर तेथे सहसा कापत नाही. टपालाची भाषा वापरावयाची तर, पत्ता अचूक लिहिला तरी पिनकोडावाचून पत्र स्वीकारावयाचे नाही, असा त्याचा स्वभाव.

आणखी एक अडचण आहे. एकाच जनुकावर नेम धरणारे अनेक पत्ते लिहिता येतात. पण सर्व पत्ते सारखे फळ देत नाहीत. एका पत्त्यावर विकर झटून काम करतो, तर दुसऱ्यावर जवळजवळ निष्क्रिय राहतो. २०१४ साली अमेरिकेतील ब्रॉड इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी नऊ जनुकांवरील १,८४१ पत्ते प्रत्यक्ष तपासून कोणत्या जागी कोणते अक्षर असता काम चांगले होते, याचे नियम काढले. पुढे २०१९ साली दक्षिण कोरियातील योनसे विद्यापीठाच्या गटाने १२,८३२ पत्त्यांवरील कॅस-९ची कार्यक्षमता मोजून त्यावर संगणकास शिकविले. तेव्हापासून शास्त्रज्ञ प्रयोगास हात घालण्यापूर्वी संगणकास विचारतात, की या पत्त्यावर विकर कितपत काम करील? यालाच संगणकीय प्रतिमान म्हणतात.

संगणक हे शिकतो तरी कसा, हे समजून घेताना आम्हांस आमचे वडील आठवले. ते एका किराणा दुकानात मुनीम होते. नवे गिऱ्हाईक उधारी मागू लागले की ते जुनी खाती मनात चाळीत. शेती कोरडवाहू की बागायती, देणे सणाच्या आधी येते की नंतर, साक्षीला कोण आहे, यांपैकी कशाला किती वजन द्यावयाचे ते अनुभवाने ठरलेले असे. एखादा अंदाज चुकला की ते वजन बदलीत. संगणकीय प्रतिमानही हेच करते. प्रत्येक अक्षराला, प्रत्येक जागेला काही वजन देऊन ते अंदाज करते, तो अंदाज प्रयोगाच्या मोजमापाशी ताडून पाहते, चुकल्यास वजने बदलते, आणि हे लाखो वेळा करते. यात जादू नाही. जुन्या नोंदी जितक्या पुष्कळ आणि जितक्या खऱ्या, तितका अंदाज बरा.

येथवर प्रश्न पत्त्याचा होता. २०२५ साली बॉस्टनमधील बेंजामिन क्लाइनस्टिव्हर यांच्या गटाने 'नेचर' नियतकालिकात जे काम प्रसिद्ध केले, ते खुद्द विकराविषयी आहे. कॅस-९ हा १,३६८ अमिनो आम्लांची माळ आहे. त्या माळेतील काही थोडेच मणी खूण ओळखण्याच्या कामी येतात. त्यांतील सहा मणी बदलले तर विकर वेगळी खूण ओळखू लागतो. प्रत्येक जागी २० प्रकारचे मणी बसू शकतात. वीस गुणिले वीस असे सहा वेळा करून पाहा : ६ कोटी ४० लाख निरनिराळे विकर होतात. दिवसाला एक तपासला तरी पावणेदोन लाख वर्षे लागतील. त्यांनी जवळजवळ १,००० विकर प्रत्यक्ष तयार करून, ते कोणती खूण ओळखतात हे मोजले. त्या नोंदींवर संगणकाचे प्रतिमान घडविले. आणि उरलेल्या सर्व ६ कोटी ४० लाख विकरांचा स्वभाव त्या प्रतिमानाकडून वर्तवून घेतला. मग त्यांतून निवडलेले विकर पुन्हा प्रयोगशाळेत तयार करून मानवी पेशींत तपासले. काही विकर पूर्वीच्या सुधारित विकरांपेक्षा सरस ठरले आणि चुकीच्या जागी कापण्याचे प्रमाणही कमी झाले.

लेखापरीक्षणाशी संबंध असलेल्या मंडळींना ही पद्धत ओळखीची वाटेल. हजारो व्हाउचरांपैकी निवडक व्हाउचरे तपासून संपूर्ण वर्षाच्या हिशेबाविषयी मत बनवावयाचे, आणि जेथे शंका येईल तेथे मूळ कागद पुन्हा काढावयाचा.

याचा उपयोग काय, हेही पाहू. फेब्रुवारी २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात एका अर्भकास केवळ त्याच्यासाठी घडविलेला जनुक-संपादनाचा उपचार देण्यात आला. त्या बाळाच्या यकृतात अमोनियाचा निचरा करणारा एक विकर जन्मतःच सदोष होता. चूक एका अक्षराची. परंतु तिच्याजवळ नेहमीचा विकर ओळखू शकेल अशी सोयीची खूण नव्हती. म्हणून निराळी खूण ओळखणारी सुधारित आवृत्ती वापरण्यात आली. निदानापासून उपचारापर्यंतचे काम सुमारे सहा महिन्यांत झाले. अशा दुर्मीळ आजाराच्या मुलासाठी योग्य विकर शोधण्यात वर्षे घालविणे परवडत नाही. संगणकाचा अंदाज तो शोध आटोपशीर करतो, हा त्याचा खरा लाभ.

मित्रहो, येथपर्यंत ऐकून आपणांस वाटेल, की आता केवळ किमतीचा प्रश्न उरला. आम्हांसही प्रथम तसेच वाटले होते. परंतु अंदाजपत्रकास ताळेबंद समजण्याची चूक कोणताही मुनीम करीत नाही. संगणकीय प्रतिमान हे अंदाजपत्रक आहे. रुग्णाच्या शरीरात जे घडते तो ताळेबंद. दोहोंत तफावत पडण्याची दोन कारणे डॉक्टरांनी आम्हांस समजावून सांगितली.

पहिले कारण असे, की यांतील पुष्कळशी मोजमापे प्रयोगशाळेत सहज वाढणाऱ्या पेशींत केलेली असतात. कोरियाच्या ज्या कामाचा आम्ही उल्लेख केला, त्यातील पेशी मूळच्या मानवी भ्रूणाच्या मूत्रपिंडातून निघालेल्या. अस्थिमज्जेतील मूळ पेशीत जनुकाचा धागा निराळ्या रीतीने गुंडाळलेला असतो. तेथे तोच विकर, तोच पत्ता असूनही काम कमीअधिक होऊ शकते. एका शाखेची वसुली पाहून दुसऱ्या शाखेचा अंदाज करावा, तसे हे आहे.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे, आणि त्याच कारणासाठी आम्ही आज आपणांसमोर उभे आहोत. विकर चुकीच्या जागी तर कापणार नाही ना, हे वर्तविताना संगणक मनुष्याच्या एका प्रमाण मजकुराशी पत्ता ताडून पाहतो. परंतु तुमचा, आमचा आणि त्या प्रमाण मजकुराचा तपशील तंतोतंत एक नाही. माणसामाणसांत लाखो अक्षरांचा फरक असतो. २०२२ च्या अखेरीस अमेरिका व इटलीतील शास्त्रज्ञांनी सिकलसेलच्या उपचारासाठी चाचणीत असलेल्या एका पत्त्याचा, हे फरक जमेस धरून, नव्याने शोध घेतला. प्रमाण मजकुरात जेथे खूण नव्हती, अशा एका जागी काही माणसांत एका अक्षराच्या फरकामुळे खूण तयार होते, असे त्यांना आढळले. तो फरक असलेल्या दात्याच्या पेशी तपासल्या, तेव्हा विकर तेथेही कापीत होता. हा फरक आफ्रिकी वंशाच्या लोकांत सुमारे साडेचार टक्के प्रमाणात आढळतो. आणि सिकलसेलचे सर्वाधिक रुग्ण त्याच वंशाचे. ज्यांच्यासाठी औषध, नेमक्या त्यांच्याच रक्ताचा तपशील तपासणीत अपुरा होता. तो छेद रुग्णास अपायकारक ठरतो, असा निष्कर्ष त्या अभ्यासाने काढलेला नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. परंतु नोंद नसेल तर धोका दिसत नाही, हा त्यातील धडा.

आमच्या मनात त्या वेळी ते तीन केसपेपर आले. ज्या शाखेतून एकही व्हाउचर तपासले नाही, त्या शाखेविषयी लेखापरीक्षकाचे मत निरर्थक असते. मेळघाटातील, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरील, गडचिरोलीच्या जंगलातील मुलाविषयी संगणकाने अंदाज करावयाचा, तर त्याच्या लोकांच्या नोंदी कोठेतरी असावयास हव्यात. भारतातील सिकलसेल ज्या जनुकीय पार्श्वभूमीवर आढळतो ती 'अरब-भारतीय' म्हणून ओळखली जाते आणि आफ्रिकेतील पार्श्वभूमीहून ती भिन्न आहे. आपल्या रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन तुलनेने अधिक राहते. तेव्हा परदेशातील अंदाज जसाच्या तसा उचलून चालणार नाही.

आनंदाची गोष्ट अशी, की आपल्या देशात या दिशेने काम सुरू झाले आहे. जीनोम इंडिया प्रकल्पात देशातील निरनिराळ्या समाजांतील सुमारे १० हजार निरोगी व्यक्तींचा संपूर्ण जनुकीय मजकूर वाचण्यात आला आणि जानेवारी २०२५ मध्ये तो संशोधकांसाठी उपलब्ध करण्यात आला. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट आहे. दिल्लीच्या आयजीआयबी या शासकीय संशोधन संस्थेने २०२४ साली एका निराळ्या जिवाणूतील कॅस-९ची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध केली. याच संस्थेत विकसित झालेला सिकलसेलवरील स्वदेशी उपचार नोव्हेंबर २०२५ मध्ये 'बिरसा १०१' या नावाने जाहीर झाला. भगवान बिरसा मुंडा यांच्या १५० व्या जयंतीचे ते वर्ष. त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपविण्यात आले आहे. त्यास रुग्णांवरील चाचण्यांचे टप्पे ओलांडावे लागतील, आणि त्यांना घाई चालत नाही. परंतु हे काम आपल्या घराच्या अंगणापर्यंत आले आहे, हे निश्चित.

अशा वेळी आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयाचे कर्तव्य काय? आमच्या एका ज्येष्ठ देणगीदारांनी मोठ्या मनाने सुचविले होते, की आईच्या स्मरणार्थ 'जनुक उपचार निधी' उभारावा. त्यांच्या घरी बसून आम्ही नम्रपणे निवेदन केले, की ज्या निधीतून एकाही मुलास नजीकच्या काळात उपचार देता येणार नाही, त्याची पाटी लावणे म्हणजे नातेवाइकांना खोटी आशा दाखविणे होईल. त्यांनी क्षणभर विचार केला आणि विचारले, "मग आज कशाची उणीव आहे?" आम्ही म्हणालो, "एका नोंदवहीची." त्यांच्या देणगीतून रक्ताची नेमकी छाननी करणारे एचपीएलसी यंत्र आणि सिकलसेल रुग्णांची आजीवन नोंदणी, ही दोन्ही कामे उभी राहत आहेत. आईचे नाव त्या नोंदणी कक्षास दिले जाईल. त्यांचे ऋण शब्दांत मांडणे कठीण आहे.

या नोंदणीत प्रत्येक रुग्णास एकच कायमचा क्रमांक राहील. कोणत्याही खिडकीवर, कोणत्याही नावाने आला तरी त्याचा केसपेपर एकच निघेल. एएस म्हणजे वाहक की एसएस म्हणजे आजारी, वेदनेचे झटके किती, रक्त किती वेळा चढविले, हायड्रॉक्सीयुरियाची मात्रा काय, गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन किती, या सर्वांची नोंद सलग राहील. याचा पहिला उपयोग त्या मुलाच्या आजच्या उपचारासाठी आहे. संशोधनासाठी त्याचा उपयोग झालाच, तर तो केवळ लेखी संमतीने, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार आणि नैतिकता समितीच्या मान्यतेनंतरच होईल. संमती दिली नाही म्हणून कोणाच्याही उपचारात तसूभरही कमी होणार नाही. ज्यांची दुःखे नोंदवहीत भरावयाची, त्यांना ती नोंद का, कशासाठी, कोण वाचणार, हे त्यांच्याच भाषेत सांगणे आम्ही आमच्या समाजसेवा विभागावर बंधनकारक केले आहे. भिली, पावरी, माडिया बोलणारे स्वयंसेवक या कामी हवे आहेत.

रुग्णांच्या आप्तांना आमची हात जोडून तीन मागणी आहेत. पहिले, हायड्रॉक्सीयुरिया डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून बंद करू नका. बरे वाटू लागले, ते औषध चालू आहे म्हणून. दुसरे, भावंडांची रक्ततपासणी करून घ्या. आई व वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता चारांत एक असते. ही गोष्ट लग्नापूर्वी कळावी. तिसरे, जनुक-उपचाराच्या नावाने कोणी आगाऊ पैसे मागितले, तर देण्यापूर्वी आमच्या समाजसेवा कक्षात एकदा येऊन विचारा. मान्यताप्राप्त चाचणीत सहभागी होण्यासाठी रुग्णाने पैसे भरावयाचे नसतात.

आणि देणगीदारांना एक विनंती. इमारत दिसते, रुग्णवाहिका दिसते, त्यावर नाव कोरता येते. नोंदवही दिसत नाही. तरीही ६ कोटी ४० लाख विकरांचा अंदाज जवळजवळ १,००० प्रामाणिक मोजमापांवर उभा राहिला, हे कृपया लक्षात ठेवावे. उद्या कोणत्याही देशात, कोणत्याही संगणकावर सिकलसेलचा अधिक सुरक्षित विकर निवडला जाईल, तेव्हा त्या निवडीत आपल्या भागातील मुलांची नोंद असली पाहिजे. आणि त्या नोंदीत एकाच मुलाची तीन मुले झालेली नसावीत.

शेवटी त्या गृहस्थांविषयी. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांसमवेत आम्ही त्यांना भेटलो. "जमीन विकू नका," एवढे स्पष्ट सांगितले. उपचार आहे, पण तो आज आपल्या हाताशी नाही, आणि येईल तेव्हा तो कसा, कोणास, कोणत्या खर्चात, हे आम्हीच तुम्हांस कळवू, असे वचन दिले. तीन केसपेपर त्यांच्यासमोर एकत्र बांधले. मुलाच्या औषधाची मात्रा त्याच दिवशी बदलण्यात आली. ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आत्तापर्यंत तुमच्याकडं त्याची गोष्टच पुरती नव्हती." त्यांच्या स्वरात राग नव्हता, म्हणूनच ते वाक्य आमच्या जिव्हारी लागले.

तो मुलगा औषध घेत आहे, दर महिन्यास तपासणीस येतो, शाळेत जातो. वेदनेचे झटके थांबलेले नाहीत. पूर्वीपेक्षा कमी झाले आहेत. ते कमी झाले आहेत, हे आज आम्ही खात्रीने सांगू शकतो, कारण ते आता एकाच कागदावर लिहिलेले आहेत. वर्तमानपत्राचे ते कात्रण त्यांनी परत मागितले नाही; आमच्या टेबलाच्या काचेखाली ते ठेवलेले आहे. दिलेल्या वचनाची ती पावती आहे, आणि तो व्यवहार पूर्ण होईपर्यंत ती तेथेच राहील.